एकच विद्यापीठ, दोन क्रमांक

प्रश्न : मुलीला अर्थशास्त्रासाठी 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'ला जायचं आहे. जगभरच्या विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या दोन याद्या पाहिल्या : ते क्यूएसच्या यादीत पहिल्या शंभरात, पण शांघायच्या यादीत दीडशेच्या पलीकडे. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. २००३ पासून निघणाऱ्या शांघायच्या यादीत ३० टक्के गुण नोबेल आणि (गणितातल्या) फील्ड्स पदकांचे : १० माजी विद्यार्थ्यांमुळे, २० प्राध्यापकांमुळे. बाकी बहुतेक शोधनिबंधांवर. त्यामुळे लंडन स्कूलसारखी, विज्ञान शाखा नसलेली संस्था तिथे मागे पडणारच. शंभरानंतर ते नेमका क्रमांकही देत नाहीत, १५१-२०० असा गठ्ठा देतात. क्यूएस मात्र जगभरच्या प्राध्यापकांना विचारतं, 'तुमच्या विषयात नावाजलेली विद्यापीठं कोणती?' या मताला पूर्वी ४० टक्के वजन होतं, आता ३०. नाव मोठं असलं की इथे फायदा होतो.

विद्यापीठाकडून येणारे आकडेही असेच. मी एका विद्यापीठात क्यूएससारख्या याद्यांसाठी आकडेवारी भरायचो. आमचा अख्खा आठवडा 'शिक्षक कोणाला म्हणायचं' यातच गेला. तासिका तत्त्वावरचे धरायचे का? नुसतं संशोधन करणारे? धरले तर शिक्षकामागे विद्यार्थी कमी दिसतात, म्हणजे गुण वाढतात. साहेबांचं उत्तर काय आलं असेल, ओळखा!

दोन्हीकडे विषयवार याद्या आहेत, अर्थशास्त्राची तेवढी बघा. आणि मुलीला शिकवणार कोण, हे विभागाच्या पानावर मिळेल. ते कोणतीच यादी सांगत नाही.