जॅकेट गळतंय की घाम साचतोय?

मृगाचा पहिला पाऊस झाला की नौपाड्यातल्या माझ्या टेबलावर जॅकेटांचा ढीग लागतो, आणि त्याच्या दुप्पट प्रश्नांचा. अठरा वर्षं मी तंबू, सॅक आणि पावसाळी जॅकेटं दुरुस्त करतोय. पावसात डोंगर चढतोय तो त्याच्याही आधीपासून. दर जूनमध्ये तोच गोंधळ, त्याच ऐकीव गोष्टी. त्यातल्या काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, वॉटरप्रूफच समजा. समजू का? (कोपरी)

नाही. रिमझिम असेल तर रिक्षा मिळेपर्यंत चालेल, माहुली गडाच्या वाटेवर चालणार नाही.

एका जॅकेटवर 5,000 मिमी, दुसऱ्यावर 10,000, तिसऱ्यावर 20,000. आकडा मोठा तेवढं जॅकेट चांगलं ना? किंमतही तशीच चढत जाते. (ऐरोली)

कापडावर पाण्याचा स्तंभ किती उंच केला तरी थेंब आत आला नाही, ते हा आकडा सांगतो. 10,000 मिमी म्हणजे दहा मीटर पाणी, साधारण तीन मजल्यांएवढं. नुसत्या पावसाचा दाब त्याच्या पासंगालाही पुरत नाही. दाब वाढतो तो सॅकच्या पट्ट्याखाली आणि ओल्या कातळावर बसलात की. आपल्याकडच्या एक-दोन दिवसांच्या ट्रेकला 10,000 पुरतं.

पण हा आकडा कापडाचा असतो, जॅकेटचा नाही, आणि विक्रीची गोम इथेच आहे. शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. दुकानात जॅकेट उलटं करा आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. आतून गुळगुळीत टेपची पट्टी लागली पाहिजे. फक्त टोपीला आणि खांद्याला टेप लावून काखेची आणि खिशाची शिवण उघडी सोडलेली 20,000 वाली जॅकेटं माझ्याकडे येतात. पुढच्या चेनवर झडप आहे का तेही बघा. आणि घेण्याआधी पावसात चालणाऱ्या कुणा अनुभवी माणसाला दाखवा. ऑनलाइन फोटोत शिवण दिसत नाही.

'ब्रीदेबल', म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं, म्हणून महागडं जॅकेट घेतलं. माहुलीला अर्ध्या वाटेत आतून चिंब! कंपनीने फसवलं का? (कळवा)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जॅकेट गळतंय का ते तपासा. खांद्याचा भाग एका मोठ्या वाडग्यावर पसरा, मध्ये खोलगट करा, त्यात दोन पेले पाणी ओता आणि दोन-तीन तास तसंच ठेवा. वाडगं कोरडं राहिलं तर कापड शाबूत आहे. तुम्हाला भिजवलं ते तुमच्याच घामाने. माझ्याकडे 'गळतंय' म्हणून येणारी निम्म्याहून जास्त जॅकेटं या वाडग्यात पास होतात.

आता कारण. अशा जॅकेटच्या कापडात एक पातळ पडदा असतो. ताणलेल्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा तो पडदा अमेरिकेत बॉब गोअर यांना 1969 मध्ये सापडला, त्यातूनच पुढे गोअर-टेक्स आलं. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. हे खरंच आहे. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच ती जाते. बाहेर पाच अंश थंडी असलेल्या देशात हा फरक मोठा असतो. जुलैत माहुलीच्या पायथ्याला, आसनगावला, हवा सत्तावीस अंशांची आणि वाफेने भरलेली, तिथे तो निम्म्याहूनही कमी उरतो. पाठीवर सॅक असली की पाठीचा भाग बंदच झाला. त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की उरलेली वाटही बुजली.

लेबलवरचंच गणित करा. ब्रीदेबलपणाचा आकडा 10,000 ग्रॅम असेल तर ती एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत जाणारी वाफ, तासाला चारशे ग्रॅमच्या आसपास. तेही प्रयोगशाळेत. उभ्या चढावर माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. मग आत पाणी साचणारच.

म्हणून आपल्या पावसासाठी मी पडद्यापेक्षा वाऱ्याला पैसे द्यायला सांगतो. काखेत लांब चेन हवी, कोपरापासून बरगडीपर्यंत उघडणारी. मनगटाची पट्टी सैल करता यावी, समोरची चेन खालूनही उघडावी. आपल्या शेतकऱ्याचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पानं, खालून सगळं मोकळं. वाकून लावणी करणाऱ्याची पाठ कोरडी राहते आणि घामही वाळतो. चढावर पाऊस कोमट असेल तर मी जॅकेट चक्क सॅकमध्ये ठेवतो आणि भिजतो.

भिजण्याने काही होत नाही. भिजून थांबण्याने होतं. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, कळसूबाई 1646 मीटर आहे, आणि माथ्यावर वारा असतो. आत सुती टीशर्ट असेल तर तो पिळायला आला तरी अंगाला चिकटून राहतो. एका ऑगस्टमध्ये माथ्यावर आमच्यातला एक मुलगा असा बसला होता. उत्तम जॅकेट, आत कॉटन. आधी कुडकुडला, मग बुटाची नाडी बांधता येईना, मग बोलताना शब्द अडखळायला लागले. आडोशाला नेऊन ओले कपडे काढले, कोरडा स्वेटर घातला, गोड गरम चहा पाजला आणि त्याला धरून खाली आणलं. कोणीतरी 'रमचा घोट द्या' म्हणालं. अजिबात द्यायचा नाही. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं आणि शरीर आणखी थंड पडतं. अशी लक्षणं दिसली की ट्रेक तिथेच संपला. खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

तेव्हा आत सिंथेटिक किंवा लोकरीचा कपडा घाला. धनगराची घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, ती लोकरीमुळेच. माथ्यासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. जॅकेट कोणतंही असो, हा जोड सॅकमध्ये हवाच.

ट्रेकला आणि ट्रान्स हार्बरने ऑफिसला एकच जॅकेट हवंय. काळं छान दिसतं, पण मैत्रीण म्हणते भडक घे. (घोडबंदर रोड)

मैत्रिणीचं ऐका. धुक्यात काळा आणि शेवाळी रंग वीस पावलांवर नाहीसा होतो. नारिंगी, पिवळा किंवा फिरोजी ऑफिसातही शोभून दिसतो. हल्ली रंगांची छान जोडकामं मिळतात, एकरंगीच हवं असंही नाही. बेतलेला आकार दिसायला देखणा असतो, पण दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा. पोट उघडं पडलं तर एक माप मोठं घ्या. टोपी मान वळवली की बरोबर वळली पाहिजे, नाहीतर कातळावर बाजूचं काही दिसत नाही. स्वतःची सॅक घेऊन जा, ती लावून आरशात बघा, मगच पैसे द्या.

स्कूटरचा रेनकोट ट्रेकला चालेल? (कोपरखैरणे)

नाही. त्यात वाफ कोंडते आणि पँट कातळावर फाटते.

पाम बीच रोडला सकाळी सायकल चालवतो. वेगळं जॅकेट लागेल? (नेरूळ)

हो. मागून लांब, पुढून आखूड आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं. ट्रेकचं जॅकेट वाऱ्याने फुगतं. सायकलच्या दुकानात हँडल धरून वाकून बघा.

वॉटरप्रूफ जॅकेट कधीच धुवायचं नाही, असं ग्रुपवर वाचलं. (खारघर)

चूक. घाम, माती आणि तेलाने वरचा पाणी झटकणारा थर मरतो. खांद्यावर थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबून गडद डाग पसरायला लागला की धुवायची वेळ झाली. सौम्य द्रवरूप साबण घ्या, सॉफ्टनर नको, पावडर नको. दोनदा खळबळून सावलीत वाळवा. लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तरच मध्ये सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवा, थर पुन्हा जागा होतो. परवानगी नसेल तर मोह टाळा. वितळलेलं कापड मला दुरुस्त करता येत नाही.

आतलं अस्तर चिकट झालंय, पापुद्रे निघतायत. एका स्प्रेची जाहिरात बघितली, 'जुनं जॅकेट नवंकोरं'. मागवू का? (वाशी)

मागवू नका. ते अस्तर नाही, पॉलियुरेथेनचा लेप आहे. ओलं जॅकेट सॅकच्या तळाशी दिवाळीपर्यंत पडून राहिलं की दमट उष्ण हवेत तो आतून तुटतो. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा नखाने निघतो. स्प्रे बाहेरच्या थरासाठी असतो, गेलेला लेप तो आणू शकत नाही. तरी फेकण्याआधी एकदा कोणा दुरुस्तीवाल्याला दाखवा, कधीकधी फक्त टोपीचा भाग गेलेला असतो.

नवीन जॅकेटने मानेवर पुरळ येतंय. आतून पावडर लावू? (ठाणे पश्चिम)

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत ते घालू नका.

मुलगी आठ वर्षांची. पांडवकड्याला नेताना तिला कोणतं जॅकेट घेऊ? (बेलापूर)

पावसाळ्यात तिथे जायला मनाई असते, आणि ती लोक वाहून गेल्यामुळे आहे. मुलीला तिथे नेऊ नका. शाळेसाठी घ्यायचं असेल तर पुन्हा लिहा, आनंदाने सांगेन.

खांद्याच्या शिवणीची टेप गेल्या पावसाळ्यात सुटली होती. रविवारी हरिश्चंद्रगड आहे. फेविक्विकने चिकटवू? (मुंब्रा)

तुमचं पत्र गुरुवारी आलंय. फेविक्विक वाळून कडक होतं, दोन घड्या पडल्या की तडकतं आणि मग त्यावर नीट गोंदही धरत नाही. जुनी टेप सोलायची, शिवण स्पिरिटने पुसायची, लवचीक गोंद भरायचा आणि तो पूर्ण सुकू द्यायचा, याला वेळ लागतो. हे काम मे महिन्यातलं. या रविवारी मित्राचं जॅकेट मागून न्या. तेही नाही मिळालं तर उद्याच ट्रेक लीडरला फोन करून स्पष्ट सांगा, आणि तो 'नको येऊस' म्हणाला तर घरी थांबा. जॅकेट सोमवारी आणून द्या.