निवडक कॉलमचाच क्रम बदलायचा असेल तर

तुमची अडचण मला समजली ती अशी: आर या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या डेटा फ्रेममध्ये, म्हणजे ओळी-कॉलमच्या टेबलात, क्रमांक, प्रश्न3, वय, प्रश्न1, गाव, प्रश्न2 असे कॉलम आहेत. प्रश्नांचे कॉलम 1, 2, 3 असे ओळीने हवेत, बाकीचे तीन मात्र जागचे हलायला नकोत. तुम्ही प्रश्नांचे कॉलम चौकटी कंसात निवडले आणि त्यांना तेच कॉलम नव्या क्रमाने असाइन केले. वर नावं होती तशीच राहिली, खालची उत्तरं तेवढी सरकली.

असाइन करताना डावीकडच्या कॉलममध्ये आर फक्त डेटा भरते, नावाला हात लावत नाही. एरर येत नाही, म्हणूनच हे फार घातक आहे. आता प्रश्न3 खाली भलत्याच प्रश्नाची उत्तरं आहेत, तेव्हा आधी मूळ फाइल पुन्हा वाचून घ्या. कॉलमची नावं ठेवणाऱ्या 'नेम्स'ला नवी यादी दिलीत तर उलटा घोळ होतो: नावं बदलतात, डेटा तिथेच.

आधी टेबलाला हातच लावू नका. 'नेम्स'ने सगळी नावं एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे यादीत, घ्या. त्याला 'क्रम' म्हणू. 'प्रश्न'ने सुरू होणारी नावं कुठे आहेत ते 'ग्रेप' या शोधणाऱ्या फंक्शनने काढा. इथे 2, 4, 6 मिळतील. 'क्रम'च्या फक्त त्या जागांवर तीच नावं सॉर्ट करून ठेवा आणि शेवटी टेबलाच्या चौकटी कंसात 'क्रम' द्या. आता नाव आणि डेटा बरोबरच हलतात: क्रमांक, प्रश्न1, वय, प्रश्न2, गाव, प्रश्न3.

प्रश्न दहा किंवा जास्त असतील तर साधा 'सॉर्ट' प्रश्न10 ला प्रश्न2 च्या आधी बसवेल. तिथे स्ट्रिंगआर पॅकेजचं 'एसटीआर सॉर्ट' वापरा आणि 'न्यूमेरिक' ट्रू ठेवा.

डीप्लायर पॅकेजमध्ये 2020 च्या 1.0.0 आवृत्तीपासून 'रिलोकेट' आहे आणि ते मला मनापासून आवडतं, पण ते निवडलेले कॉलम एकगठ्ठा हलवतं. मधल्या वय आणि गावाची जागा राखायची असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. तुमचं टेबल 'डेटा टेबल' नावाच्या पॅकेजचं असेल तर 'क्रम' थेट 'सेटकॉलऑर्डर'ला द्या; कॉपी न करता जागच्या जागी काम होतं.

आणि एक तपासणी कराच. नवं टेबल जुन्या नावांच्या क्रमाने परत लावून 'आयडेंटिकल' या तुलना करणाऱ्या फंक्शनने मूळ टेबलाशी ताडून पाहा. ट्रू आलं नाही तर पुढचं विश्लेषण सुरू करू नका.