फुटबॉलमध्ये सेट-पीसवर, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूवरून, गोल खाल्ला की दोष गोलकीपरचाच का?

दर वेळी नाही. आधी चेंडू कुठे पडला ते बघा. गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या छोट्या चौकटीत उंच, संथ कॉर्नर आला आणि कीपर रेषेवरच खिळून राहिला, तर चूक त्याची.

पण २०१४ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला ९३व्या मिनिटाचा, रेआल माद्रिदच्या रामोसने कॉर्नरवर डोक्याने मारलेला हेडर आठवा. चेंडू थेट खालच्या कोपऱ्यात गेला, अ‍ॅटलेटिकोचा कीपर कुर्त्वाने झेपही घेतली होती. त्याला बोल लावणं अन्यायाचंच. रामोसला उडी मारायला मोकळीक कुणी दिली, हे विचारा. २०१९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या अलेक्झांडर-आर्नोल्डने झटकन कॉर्नर घेतला तेव्हा तर बार्सिलोनाचे बचावपटू बेसावध होते आणि त्याचा साथीदार ओरिगी गोलसमोर एकटा उभा. बार्सिलोनाचा कीपर टेर स्टेगन एकटा काय करणार?

फ्री किकचं मात्र वेगळं. तिथे बचावपटूंची भिंत कीपर लावून घेतो, स्वतःची जागाही तोच ठरवतो. २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डिन्योची लांबवरची फ्री किक इंग्लंडचा कीपर सीमनच्या डोक्यावरून जाळ्यात गेली, कारण क्रॉस येईल असं धरून तो पुढे सरकला होता. तो गोल मी सीमनच्याच नावावर टाकतो. तरी सामन्यानंतरचे त्याचे अश्रू आठवले की आजही वाईट वाटतं.