हप्ता तुमचा, टार्गेट तिचं

पत्र : मुलगी 27 वर्षांची, आयटी इंजिनिअर. महापेला एका कंपनीत प्री-सेल्समध्ये, म्हणजे विक्रीआधी ग्राहकाला सॉफ्टवेअर समजावून द्यायच्या कामात, 9 लाखांवर आहे. आता ऐरोलीहून एंटरप्राइज सेल्सची, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकायची, 20 लाखांची ऑफर आलीय, लेटर सोबत जोडलंय. ती मागेपुढे बघतेय. ‘टार्गेट जमलं नाही तर?’ म्हणते. मी सांगितलं, जमवायचं. घोडबंदर रोडला टू बीएचकेचं टोकन देऊन ठेवलंय, 70 लाखांचं कर्ज तिच्या नावावर काढू. तिला जरा समजवाल का? की आधी एमबीए करू दे?
— एक वडील, कळवा

उत्तर : नमस्कार. ‘जमवायचं’ या तुमच्या शब्दापाशी मी अडकले. सेल्समध्ये उतरण्याआधी विचारावा असा नेमका प्रश्न तुमच्या मुलीने विचारला आणि तुम्ही तो एका शब्दात मिटवलात. त्या नोकरीत दर सोमवारच्या कॉलवर, सगळ्या टीमसमोर, तिचा मॅनेजर तिला हेच ऐकवणार आहे. घरी आल्यावरही तेच कानावर पडलं, तर एखादी तिमाही वाईट गेल्याचं तिने सांगायचं कुणाला? कळव्याच्या घरातून मोठ्या घरात जावंसं वाटणं मी समजू शकते. पण तिने ऑफरला हो म्हणण्याआधीच तिचा पगार तुम्ही खर्चून बसलात. हे चुकलं.

आता त्या 20 लाखांबद्दल. भागिले बारा करून महिन्याचा पगार काढायचा नसतो. लेटरमध्ये 60:40 लिहिलंय. म्हणजे 12 लाख फिक्स्ड आणि 8 लाख व्हेरिएबल, विक्रीवर अवलंबून. त्या 12 लाखांतच कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मोजलेली असते, वर तिच्याही वाट्याचा पीएफ कापला जातो. हातात साधारण 85 हजार पडतील, टॅक्स आणखी वेगळा. 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 61 हजारांच्या घरात जातो. उरलेले 8 लाख टार्गेट गाठलं तर. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक टक्क्यांच्या खाली विक्री राहिली की त्या तिमाहीचं व्हेरिएबल शून्य. मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकायला सहा-नऊ महिने सहज लागतात. डेमो झाला, किंमत ठरली आणि ग्राहकाचं बजेट अडकलं, तर मार्चचा सौदा पुढच्या आर्थिक वर्षात जातो. मेहनत तेवढीच झालेली असते, पैसे मात्र येत नाहीत. बँकाही कर्ज देताना व्हेरिएबल पूर्ण धरत नाहीत. तुम्ही मात्र धरलंत.

तरी ही नोकरी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिशीच्या आत एखाद्या कंपनीच्या फायनान्स हेडसमोर बसून कोटीचा व्यवहार बोलायला मिळणं मोठी गोष्ट आहे. टार्गेटच्या वर गेलं की बऱ्याच ठिकाणी कमिशनचा दरही वाढतो. शिवाय प्री-सेल्समुळे ग्राहकाच्या अडचणी तिला आतून माहीत आहेत. ती अबोल असली तरी बिघडत नाही, मोठ्या सौद्यात ऐकून घेणारी माणसं टिकतात. ज्याच्या डोक्यावर हप्ता असतो त्याला मात्र ऐकायला धीर राहत नाही. तो तिमाही संपायच्या आठवड्यात घाईने सूट देऊन बसतो.

एमबीएसाठी सीईटी आणि कॅट दरवर्षी असतात, त्याची आत्ता घाई नाही.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. तिला म्हणावं, कंपनीकडे आठवडाभराची मुदत माग आणि चार गोष्टी लेखी विचार. मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? पहिल्या दोन तिमाहींत टार्गेट कमी असेल का? व्हेरिएबल सौद्यावर सही झाल्यावर मिळतं की ग्राहकाचे पैसे आल्यावर? आणि या जागेवरचा आधीचा माणूस का गेला? उत्तरं आली की तिने स्वतः मला लिहावं. तोवर फ्लॅटचा करारनामा नोंदवू नका. टोकन परत मिळण्याच्या अटी बिल्डरकडून लेखी मागून घ्या, आणि हप्ता तिच्या आजच्या 9 लाखांवर झेपतो का, हा हिशोब तिच्याबरोबर बसून करा.