बेळगावकडचं ‘काय करायलास?’ हे बिघडलेलं मराठी आहे का?

नाही. ‘करायला लागला आहेस’ हेच आखडून ‘करायलास’ झालं आहे. कोल्हापूर, मराठवाड्यातही ते ऐकू येतं. बेळगाव-धारवाडकडची कन्नड हेच ‘एन माडाकत्ती?’ असं विचारते. त्यातल्या ‘कत्ती’त दडलेला ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे आणि सुरू होणेही. अगदी आपल्या ‘लागणे’सारखा! शब्द आपापले, घडण मात्र सारखी. घरात एक, बाजारात दुसरी भाषा पिढ्यानपिढ्या बोलली की असं होतं. ‘येतो म्हणून सांगितलं’ला कन्नड जोड ‘बर्तीनि अंत हेळिद’; इथला ‘अंत’ म्हणजे आपला ‘म्हणून’. मूळ शोधताना फक्त उसने शब्द मोजू नका, वाक्यरचना पाहा. तिथेच खरा शेजार दिसतो. आणि उसने शब्द प्रमाण मराठीतही आहेतच: ‘अडकित्ता’मध्ये कन्नड ‘अडके’, म्हणजे सुपारी, आहे.