दरडोईला दुसरं डोकं कशाला?

प्रश्न असा आहे: वाणिज्य शाखेच्या प्रबंधात 'सरासरी दरडोई उत्पन्न' लिहावं की 'मध्य दरडोई उत्पन्न'? मार्गदर्शकांचं म्हणणं, 'मध्य' ही शास्त्रीय संज्ञा, 'सरासरी' बोलीतला शब्द. जाता जाता प्रश्नकर्तीने हेही विचारलंय की 'सरासर खोटं' मधला 'सरासर' या 'सरासरी'चा कोण लागतो.

दोन्ही लिहू नका. 'दरडोई उत्पन्न' लिहा आणि थांबा. डोई म्हणजे डोकं, दरडोई म्हणजे डोक्यामागे. एकूण उत्पन्नाला एकूण डोक्यांनी भागलं की जे येतं ते दरडोई. इंग्रजांचं 'पर कॅपिटा' तेच, लॅटिनमध्ये कापुत म्हणजे डोकं. भागाकार होऊन गेलेला असताना पुढे 'सरासरी' चिकटवण्याचं कारण काय? पण अर्थसंकल्पाचा महिना आला की प्रत्येक वाहिनीवर 'राज्याचं सरासरी दरडोई उत्पन्न' सुरू होतं, आणि ते ऐकून ऐकून प्रबंधांतही शिरतं.

आता कुणीतरी म्हणेल, जिल्ह्यांच्या दरडोई आकड्यांची सरासरी काढली तर? काढा, पण मग लोकसंख्येचा भार देऊन काढा, म्हणजे जिथे माणसं जास्त त्या आकड्याला तितकं जास्त वजन. एका तालुक्यात 1 लाख माणसं, दरडोई 10,000 रुपये. शेजारच्यात 9 लाख, दरडोई 20,000. दोन आकडे मिळवून दोनने भागणारा 15,000 सांगेल. खरं उत्तर 19,000 आहे. ही चूक सरकारी कागदांत इतकी जुनी आहे की दादाभाई नौरोजींनी 1870च्या दशकात ती पकडली होती. मध्य प्रांताच्या अहवालात धान्याचा भाव काढताना साहेब लोक सगळ्या जिल्ह्यांचे भाव मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठल्या जिल्ह्यात धान्य किती पिकलं याचा हिशेबच नाही. दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले, त्यांनी ही पद्धतच निकालात काढली आणि हिंदुस्थानात माणशी उत्पन्न वर्षाला 20 रुपयांच्या आसपास हा आपला प्रसिद्ध अंदाज मांडला. त्यांच्यासारखा माणूस आज वाहिन्यांवर बसवला तर बरं होईल. असो.

खरी गंमत 'सरासरी'त आहे. शब्द फारसी. सर म्हणजे डोकं, आणि टोकही. 'सरासर' म्हणजे डोक्यापासून डोक्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधलं काही न सोडता. 'सरासर खोटं' म्हणजे टोकापासून टोकापर्यंत खोटं. तेव्हा हो, दोघे सख्खे आहेत. मधे 'आ' घालून शब्द दुमडायची ही फारसीची लाडकी खोड. लबालब म्हणजे ओठाला ओठ, म्हणून काठोकाठ. बराबर म्हणजे छातीला छाती, आणि त्याच बराबरचं आपण 'बरोबर' केलं. गणिताच्या वहीत बाई लाल शाईने 'बरोबर' लिहितात तेव्हा दोन छात्या एकमेकींना भिडलेल्या असतात, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

सरदार, सरकार, सरनौबत, सरहद्द या सगळ्यांत हेच डोकं. आणि ज्यांना फारसी म्हटलं की विटाळ होतो त्यांच्यासाठी: हा 'सर' आपल्या संस्कृत 'शिरस्'चा भाऊ आहे. संस्कृतात जिथे 'श' तिथे फारसीत 'स'. शत आणि सद (ज्यावरून हिंदीतली सदी), तसं शिर आणि सर. सरासरी म्हणजे शिराशिरी म्हणा हवं तर. त्यामुळे 'सरासरी दरडोई' या दोन शब्दांत तीन डोकी जमतात. उत्पन्न एकच, बिचारं.

आता मार्गदर्शकांचा 'मध्य'. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि बहुलक (सर्वाधिक वेळा येणारा आकडा) अशी त्रयी रूढ केली. बहुलक छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या दोन गोष्टींत संशोधकाची सर्वाधिक गल्लत होते, नेमक्या त्यांच्यात फक्त एका 'क'चं अंतर ठेवण्याची बुद्धी कुणाला झाली असेल? बरं, अर्थाने तरी जुळतात का? एका कारखान्यात नऊ कामगार 20,000 रुपयांवर आणि मालक महिना 5 लाख घेतो. बेरीज 6,80,000, भागिले 10, म्हणजे 68,000. या आकड्याच्या आसपास तिथे एकही माणूस नाही. कशाच्या मधोमध आहे हा 'मध्य'? मधोमध उभा आहे तो मध्यक, 20,000. मालकाने उद्या 50 लाख घेतले तरी मध्यक जागचा हलत नाही, कारण त्याला फक्त रांगेच्या मधल्या माणसाशी देणंघेणं आहे. सरासरी मात्र टोकाचं शेवटचं डोकंसुद्धा मोजते, म्हणून ती उडी मारते. डोक्यापासून डोक्यापर्यंत! नाव कामाला इतकं चपखल बसलेलं असताना ते काढून 'मध्य' आणणं हा शास्त्रीयपणा नव्हे, हा संस्कृत दिसण्याचा सोस आहे. हिंदीवाल्यांची अडचण वेगळी. त्यांचा 'औसत' अरबी, मुळात 'मधला' याच अर्थाचा ('वास्ता' त्याच कुळातला), म्हणजे खरं तर तो मध्यकाला शोभला असता. आपल्याला फुकटात बरा शब्द मिळाला होता.

इथे माझा एक तर्क मांडतो. पटला तर घ्या. 'टोकापासून टोकापर्यंत' या अर्थाचा शब्द गणितातल्या एका क्रियेला का चिकटला असेल? माझ्या मते मोजणीमुळे. वेडीवाकडी जमीन, वेडावाकडा खड्डा: या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिकठिकाणी मोजायचं, मिळवायचं, जितक्या जागी मोजलं तितक्यांनी भागायचं. क्रिया आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीत खड्ड्याचं माप काढताना नेमकं हेच सांगितलंय: रुंदी बऱ्याच ठिकाणी मोज, बेरीज कर, ठिकाणांच्या संख्येने भाग, लांबी आणि खोलीचंही तसंच. त्यांच्या आधी 628 साली ब्रह्मगुप्तानेही खड्ड्यांच्याच प्रकरणात हे केलं होतं. आणि लीलावतीवर 1545 साली टीका लिहिणारे आपल्या कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ पुढे काय म्हणतात? जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकं हे माप खऱ्याच्या जवळ जाईल. नमुना मोठा घ्या, असं प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत जे सुनावतात ते हेच. वाकड्या शेताच्या बांधावर दोरी धरून उभ्या असलेल्या, दफ्तरात फारसी लिहिणाऱ्या माणसाला या रीतीसाठी 'सरासर' सोडून दुसरा कुठला शब्द सुचला असता?

यावर भाषाशुद्धीवाले म्हणतात, मग भास्कराचार्यांचाच शब्द घ्या ना, 'सममिति'. घेतला असता. पण तो आपल्या गणिताच्या पुस्तकांनी आधीच सिमेट्रीला देऊन टाकला आहे. आरसा आणि फुलपाखरू शिकवताना वापरलेला शब्द परत मागून सरासरीला लावणार, आणि पोरांनी परीक्षेत काय लिहायचं? जुनं वैभव परत आणायचं तर आधी ते सध्या कुणाच्या घरात नांदतंय ते बघावं.

मानसशास्त्राच्या मंडळींचीही एक खोड सांगायची राहिली: 'सरासरी बुद्धीचा मुलगा' हे शिवीसारखं वापरणं. बुद्ध्यांकाची सरासरी 100 येते कारण मोजपट्टीच तशी आखलेली असते. आणि 'सरासरी माणूस' म्हणाल, तर 1835 साली बेल्जियमच्या क्वेटले या संख्याशास्त्रज्ञाने तो जन्माला घातला खरा, पण अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सने 4,063 वैमानिकांची दहा-दहा मापं तपासली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही सापडला नाही.

आता इंग्रजी 'अ‍ॅव्हरेज', कारण तो सोडवत नाही. जुने इंग्रज कोशकार त्याला जनावर-मालमत्ता या अर्थाच्या कुठल्याशा 'एव्हर'ला बांधत बसले. सोडा ते. तो भूमध्य समुद्रावरून आलाय: अरबी 'अवार', म्हणजे खोट, मालाची नासाडी, तिथून इटालियन 'अव्हारिया', फ्रेंच 'अव्हारी'. वादळात जहाज वाचवायला एकाचा माल समुद्रात फेकला तर ते नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचं, हा रिवाज. त्या वाटणीवरून गणितातली समान वाटणी आली. आणि अरबीतल्या त्याच तीन अक्षरांच्या धातूवरून, 'झाकण्याजोगं' अशा अर्थाच्या शब्दातून, हिंदीतली 'औरत' आली. 'अ‍ॅव्हरेज औरत' असं म्हणणाऱ्याला आपण एकाच खानदानातले दोघे बोलावलेत हे ठाऊक नसतं.

हा जुना अर्थ मेलेला नाही. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकलं, त्यावर 18,000हून जास्त कंटेनर. मालकांनी 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं, म्हणजे तीच नुकसानाची वाटणी, आणि सुटकेच्या खर्चाचा आपला वाटा भरण्याची हमी दिल्याशिवाय कुणाला माल मिळेना. भारताच्या 1963च्या सागरी विमा कायद्यातही ही संज्ञा आहे. प्रबंध वाणिज्य शाखेचा आहे, तेव्हा विम्याचं प्रकरण येईलच. तिथे तिचं 'सर्वसाधारण सरासरी' करू नका. 'सामायिक हानिवाटप' लिहा.