वाचकांचे प्रश्न : वर्दीवरचा विश्वास कसा उडाला?

पाकिस्तानातील लष्करी राजवटींवरील लेखानंतर आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रे लांब होती, त्यामुळे येथे त्यांचा गाभा तेवढा दिला आहे.

प्रश्न : 1999 साली जनरल मुशर्रफ यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा पाकिस्तानात मिठाई वाटली गेली, असे आपण लिहिले आहे. आठ वर्षांनी त्याच रस्त्यांवर 'गो मुशर्रफ गो' अशा घोषणा होत्या. लोक इतके कसे बदलले? – एक वाचक, सातारा

उत्तर : लोक फारसे बदलले नव्हते, असे माझे मत आहे. मिठाई वाटली गेली ती लष्कर आले म्हणून नव्हे, तर नवाझ शरीफ गेले म्हणून. 1988 ते 1999 या काळात बेनझीर भुट्टो आणि शरीफ यांना आलटून पालटून दोनदोनदा सत्ता मिळाली आणि एकालाही मुदत पुरी करता आली नाही. 1997 मध्ये शरीफ यांना प्रचंड बहुमत मिळाले, पण त्याच वर्षी त्यांच्या पक्षाचे कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत घुसले, आणि 1998 च्या अणुचाचणीनंतर सरकारने परकीय चलनाची खाती गोठवली, तेव्हा आखातात घाम गाळून साठवलेली अनेक कुटुंबांची पुंजी बँकेतच अडकून पडली. त्यामुळे 12 ऑक्टोबर 1999 च्या संध्याकाळी, कोलंबोहून परतणाऱ्या सरसेनापती मुशर्रफ यांचे विमान कराचीत उतरू द्यायचे की नाही यावरून नाट्य रंगले आणि इस्लामाबादेत दूरचित्रवाणी केंद्राच्या फाटकावरून सैनिक आत उड्या टाकू लागले, तेव्हा शरीफ यांच्या बाजूने कोणी रस्त्यावर उतरले नाही.

मुशर्रफ यांनी सुरुवातही हुशारीने केली. 'मार्शल लॉ' हा शब्द टाळला, स्वतःला 'मुख्य कार्यकारी' म्हणवून घेतले आणि दोन चिमुकली कुत्री हातात घेऊन छायाचित्रे काढून घेतली, म्हणजे आधीचे धर्मकठोर लष्करशहा झिया उल हक यांच्या काळाला विटलेल्या शहरी मध्यमवर्गाला हा गडी वेगळा आहे असे वाटावे. पहिला तडा गेला तो 30 एप्रिल 2002 च्या सार्वमताने, ज्यात त्यांना 97 टक्क्यांहून अधिक कौल मिळाल्याचे जाहीर झाले. पाकिस्तानी माणसाने हा आकडा पूर्वी पाहिला होता. 1984 मध्ये झिया यांनाही असाच कौल 'मिळाला' होता. त्यानंतर 2004 च्या अखेरीस वर्दी उतरवण्याचे वचन त्यांनी दिले आणि मोडले.

मात्र खरा स्फोट झाला तो 9 मार्च 2007 रोजी. सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांनी पोलाद कारखान्याची विक्री रद्द केली होती आणि गुप्तचरांनी उचलून नेलेल्या माणसांची प्रकरणे ते सुनावणीला घेत होते. त्यांना रावळपिंडीत लष्करप्रमुखांच्या निवासस्थानी बोलावून राजीनामा मागण्यात आला आणि त्यांनी तो देण्यास नकार दिला. सरकारनेच त्या भेटीचे चित्र दूरचित्रवाणीवर दाखवले : पूर्ण लष्करी गणवेशातला राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्यासमोर बसलेला न्यायाधीश. इतकी मोठी चूक विरोधकांनाही सुचली नसती. चारच दिवसांनी पोलीस त्याच न्यायाधीशाला केस धरून गाडीत कोंबत असल्याचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. ज्या खासगी वाहिन्यांनी ही दृश्ये दाखवली, त्यांना परवानगी मुशर्रफ यांच्याच काळात मिळाली होती.

5 मे रोजी चौधरी इस्लामाबादहून लाहोरला मोटारीने निघाले. गाडी चालवायला ज्येष्ठ वकील एतजाज अहसन बसले होते. सुमारे 300 किलोमीटरचा, एरवी चार-पाच तासांचा तो रस्ता कापायला त्यांना सुमारे 25 तास लागले. गुजराँवाला येथे मध्यरात्रीही माणसे उभी होती, गाडीच्या काचेवर गुलाबाच्या पाकळ्यांचा थर साचत होता, आणि पंजाबच्या उन्हाळ्यात काळे कोट अंगावरून न उतरवता वकील गाडीबरोबर पायी चालत होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती सहसा सांगितली जात नाही. हेच चौधरी जानेवारी 2000 मध्ये लष्करी राजवटीने लादलेली नवी शपथ निमूटपणे घेणाऱ्या न्यायाधीशांपैकी होते, तर तत्कालीन सरन्यायाधीश सईदुझ्झमाँ सिद्दीकी यांनी ती नाकारून पद सोडले होते. लोकांनी चौधरींना डोक्यावर घेतले ते त्यांच्या पूर्वचरित्रामुळे नव्हे, तर जनरलच्या तोंडावर 'नाही' म्हणणारा कोणीतरी दिसला म्हणून.

प्रश्न : आमचा भाग उसाचा, म्हणून विचारतो. साखरेच्या भावाने अयुब खान यांचे सरकार पाडले, हे खरे काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साखरेने पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ठिणगी टाकणाऱ्यांत साखर नक्कीच होती. 1968 मध्ये लष्करशहा अयुब यांनी आपल्या राजवटीचे 'विकासाचे दशक' थाटामाटात साजरे करायला घेतले, आणि नेमकी त्याच वेळी बाजारात साखर महागली व दुर्मिळ झाली. वर्तमानपत्रात विकासाच्या पुरवण्या आणि दुकानात रिकामे पोते! रस्त्यावर 'चीनी चोर' ही घोषणा ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी योजना आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी देशातील दोन तृतीयांश उद्योग आणि 80 टक्के बँका 22 कुटुंबांच्या हाती असल्याचे सांगून टाकले, म्हणजे सरकारच्याच माणसाने हिशेब चव्हाट्यावर मांडला.

उठावाची सुरुवात तर आणखी क्षुल्लक होती. रावळपिंडीच्या गॉर्डन महाविद्यालयातील काही विद्यार्थी अफगाण सरहद्दीवरील लंडी कोतलच्या बाजारात सहलीला गेले होते आणि तेथे स्वस्तात घेतलेल्या वस्तू परतीच्या वाटेवर जकात अधिकाऱ्यांनी जप्त केल्या. त्यावरून निदर्शने झाली. 7 नोव्हेंबर 1968 रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक विद्यार्थी ठार झाला आणि मग कराचीपासून ढाक्यापर्यंत आग लागली. पूर्व पाकिस्तानची गाऱ्हाणी अर्थातच साखरेपेक्षा फार खोल होती. 25 मार्च 1969 रोजी अयुब गेले, पण जाताना त्यांनी सत्ता लोकांकडे न देता याह्या खान या दुसऱ्या जनरलकडे सोपवली. आगीतून फुफाट्यात, एवढेच.

प्रश्न : वकील आणि विद्यार्थी यांच्याविषयी बरेच वाचायला मिळते. शेतकऱ्यांचे काय? – एक शेतकरी वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण मुशर्रफ यांना पहिले आव्हान शहरातून मिळालेच नव्हते. पंजाबमधील ओकारा जिल्ह्यात लष्कराची हजारो एकरांची शेते आहेत. ब्रिटिश अमदानीत कालवे निघाले तेव्हा तेथील पडीक रान मोडून ज्यांनी शेती उभी केली, त्यांचेच वंशज आजही ती कसतात. पिढ्यान्‌पिढ्या ते बटाईने, म्हणजे पिकाचा ठरलेला वाटा देऊन, जमीन करीत आले होते. 2000 मध्ये शेतांच्या व्यवस्थापनाने फर्मान काढले की यापुढे बटाई नाही, रोख खंड भरायचा आणि तसा करार करायचा.

कागदावर ही बाब हिशेबाची वाटते. परंतु ज्याच्या घरात कूळकायद्याची भांडणे झाली आहेत अशा मराठी वाचकाला यातील मेख चटकन कळेल. बटाईदाराला 1887 च्या पंजाब कूळकायद्याने काही संरक्षण होते. करारावर अंगठा उमटला की तो निव्वळ भाडेकरू ठरणार होता आणि मुदत संपताच त्याला उठवता येणार होते. मुळात ती जमीन लष्कराच्या मालकीची नव्हतीच. ती प्रांतिक सरकारची होती, आणि लष्कराच्या भाडेपट्ट्याची मुदत केव्हाच संपून गेली होती, ही गोष्ट कुळांनीच शोधून काढली. त्यांची घोषणा होती 'मालकी या मौत'. गावांना निमलष्करी दलाचा वेढा पडला, पाणी आणि वीज तोडली गेली, माणसांना पकडून सह्यांसाठी मारहाण झाली, काही जीवही गेले. पुरुषांची धरपकड होऊ लागली तेव्हा बायका कपडे धुण्याची लाकडी धोपटणी घेऊन रस्ता अडवून उभ्या राहिल्या. तिकडे त्या धोपटण्याला 'थापा' म्हणतात.

या कुळांपैकी अनेकांची मुले त्याच लष्करात शिपाई होती. लष्कर खत, सिमेंट, बँक, घरबांधणी अशा सगळ्या धंद्यांत आहे, हे शहरातील वाचक पुस्तकांतून शिकला. कुंपण शेत खाते म्हणजे काय, हे ओकाऱ्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

प्रश्न : मुस्लिमबहुल देशांत लोकशाही रुजत नाही, म्हणून लोक लष्कराला सहन करतात, हे मत आपल्याला मान्य आहे काय? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. लष्करातून आलेल्या सत्ताधीशांपैकी इंडोनेशियात 1998 मध्ये सुहार्तो यांना, बांगलादेशात 1990 मध्ये एर्शाद यांना आणि सुदानमध्ये 2019 साली बशीर यांना जावे लागले ते लोक रस्त्यावर उतरल्यामुळे. सुदानमध्ये पुढे लष्करानेच डाव उलटवला, हा भाग वेगळा. शिवाय चिली आणि म्यानमार हे मुस्लिमबहुल देश नाहीत, तरीही तेथे लष्कराने अनेक वर्षे राज्य केलेच.

प्रश्न : एवढा भ्रमनिरास होऊनही पाकिस्तानात लष्कराची पकड सैल का होत नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण लोकांचा राग एका जनरलवर येतो, आणि लष्कर त्या जनरलला सोडून देऊन स्वतः बाजूला सरकते. 1969 (अयुब), 1971 (याह्या) आणि 2008 (मुशर्रफ), तिन्ही वेळा हेच घडले. मुशर्रफ यांनी 3 नोव्हेंबर 2007 रोजी आणीबाणी लादून सुमारे 60 न्यायाधीशांना घरी बसवले, महिना संपता संपता नाइलाजाने वर्दी उतरवली, आणि त्या हिवाळ्यात पिठासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या असताना फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष साफ झोपला. याच काळात नवे लष्करप्रमुख कयानी यांनी काय केले? मुलकी पदांवर बसवलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना परत बोलावले आणि अधिकाऱ्यांनी राजकारण्यांना भेटू नये असे फर्मावले. लष्कराची प्रतिमा वर्षभरात सावरली. 18 ऑगस्ट 2008 रोजी मुशर्रफ गेले, रावळपिंडीचे मुख्यालय मात्र होते तेथेच राहिले.

मे 2023 मध्ये इम्रान खान यांच्या अटकेनंतर जमाव लाहोरच्या कोअर कमांडरच्या बंगल्यात घुसला, तेव्हा प्रथमच राग व्यक्तीवरून संस्थेकडे वळल्यासारखा दिसला. फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीत इम्रान यांच्या पक्षाचे बॅट हे चिन्ह काढून घेतले असतानाही त्या पक्षाच्या पाठिंब्यावरील अपक्षांना सर्वाधिक जागा मिळाल्या, हेही खरे. पण मे 2025 मधील भारताबरोबरच्या संघर्षानंतर त्याच लष्कराचे प्रमुख असीम मुनीर फील्ड मार्शल झाले आणि गर्दीने त्यांचा जयजयकार केला. सीमा तापली की पाकिस्तानी लष्कराला लोकांचे प्रेम उसने मिळते, आणि हे आपणही ध्यानात ठेवलेले बरे.

मुशर्रफ यांचेच पाहा. आणीबाणीबद्दल त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला आणि डिसेंबर 2019 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा लष्कराच्या प्रवक्त्याने सैन्यदलाला वेदना झाल्याचे जाहीर निवेदन काढले. महिन्याभरात लाहोर उच्च न्यायालयाने ते विशेष न्यायालयच बेकायदा ठरवले. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी पुन्हा कायम केली, त्या वेळी मुशर्रफ यांना कराचीच्या लष्करी कबरस्तानात पुरून 11 महिने झाले होते.